काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये

‘कृपण’ हा शब्द आपण कंजूष मनुष्यास लावतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ मात्र ‘दीन, कीव करण्याजोगा’ असा आहे. जवळ द्रव्य असूनही जो दीनाप्रमाणे जगतो आणि घरच्या माणसांसही तसेच जगावयास लावतो, तो कृपण. ‘मितव्यय’ हा शब्द अगदी निराळ्या कुळातला. ‘मा’ म्हणजे मोजणे. त्यापासून ‘मित’ म्हणजे मोजलेले. तेव्हा मितव्ययी मनुष्य कमी खर्च करील अथवा प्रसंगी पुष्कळही करील. परंतु जे करील ते मोजून करील. या दोन शब्दांतील अंतर ध्यानात न घेतल्यामुळे आपल्या कुटुंबांत काटकसरीच्या नावाखाली पुष्कळ अनर्थ घडतो, असे आमचे मत आहे.

तो अनर्थ असा की, पैशाची ओढ लागली म्हणजे जे हाताशी असेल तेथे कात्री लागते. दुधाचा रतीब पावशेराने कमी होतो, तेलाची बुधली जपून वापरली जाते, म्हाताऱ्यांच्या औषधाची गोळी एक दिवसाआड येते, आणि शेवटच्या पंक्तीस बसणाऱ्या सुनेच्या ताटातील वरण पातळ होते. हे सर्व लोक मुकाट्याने सोसतात म्हणून ही काटकसर सोपी वाटते. परंतु घरातून खरा मोठा ओघ वाहून जात असतो तो व्याजाच्या व न मोजलेल्या खर्चाच्या वाटेने; आणि तिकडे कोणाचे लक्ष नसते. त्या वाटा आधी बुजवाव्यात, ताटास मात्र हात लावू नये, हेच आम्हास या लेखात सांगावयाचे आहे.

आमचे निरवांगी गाव इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या काठी आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. या भागात ऊस हेच मुख्य पीक. आडसाली ऊस लावला तर तो तुटून जाण्यास सोळा ते अठरा महिने लागतात. म्हणजे घरात चूल रोज दोन वेळा पेटते, शाळेची फी दर सहामाहीस द्यावी लागते, आणि पैका मात्र दीड वर्षांतून एकदा, तोही बहुधा हप्त्याहप्त्यांनी येतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत रक्कम द्यावी आणि विलंब झाल्यास शेकडा पंधरा दराने व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तथापि घराचा खर्च काही कायद्याकडे पाहून थांबत नाही. मधल्या काळात दुकानदाराची उधारी, सोसायटीचे पीककर्ज आणि अडीनडीस हातउसने, यांवर संसार चालतो. पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलांची तऱ्हा याच्या उलट; त्यांचा पगार दरमहा पहिल्या तारखेस येतो आणि वीस तारखेस संपतो. दोन्ही ठिकाणी रोग एकच, उत्पन्नाची वेळ व खर्चाची वेळ यांचा मेळ नाही. आणि या फटीतूनच व्याज घरात शिरते.

व्याज घरात शिरले म्हणजे काय होते, याचा धडा याच परिसराने एकदा साऱ्या देशास दिला आहे. रयतवारीची जी शास्त्रशुद्ध मोजणी व आकारणी पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र झाली, तिचा आरंभ १८३५–३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातूनच केला. तीस वर्षांची मुदत संपताच फेरआकारणीत सारा पुष्कळ वाढला. मधल्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला होता आणि सावकारही सढळ हाताने कर्ज देत होते. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा वाढला. कर्ज मात्र होते तेथेच राहून व्याजाने फुगत गेले. अखेर १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर व वह्यांवर होता. ते हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढे १८८२ साली टपाल कचेरीची बचत बँक निघाली आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला. सामान्य कुटुंबास चार पैसे ठेवावयास सुरक्षित जागा असावी व उचल घ्यावयास रास्त दराची सोय असावी, ही निकड त्या काळात सर्वांस पटू लागली होती.

या कथेतील एक गोष्ट आम्हास महत्त्वाची वाटते. रयतेने जाळले ते कागद तिला स्वतःला बहुधा वाचता येत नव्हते. आज आपल्या घरांत सर्वजण सुशिक्षित आहेत. परंतु कर्जाचा कागद वाचून सही करणारे किती? गावात ‘दोन टक्क्यांनी पैसे घेतले’ असे सहज म्हटले जाते. हे दोन टक्के दरमहाचे असतात, म्हणजे वर्षाचे चोवीस. तीन टक्के म्हणजे छत्तीस. एक लाख रुपये दरमहा शेकडा तीनने घेतले, तर महिन्यास तीन हजार रुपये केवळ व्याजाचे जातात, आणि पावणेतीन वर्षांत मुद्दलाइतके व्याज भरूनही मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. ज्या घरातून असे तीन हजार जात आहेत, त्या घराने दुधाचे दोनशे वाचवून काय साधले?

शहरातील बंधूंनी आपण यातून सुटलो असे समजू नये. क्रेडिट कार्डाची बाकी मुदतीत पूर्ण न भरल्यास तिजवर दरमहा शेकडा तीन ते साडेतीनपर्यंत व्याज चढते. हा दर गावच्या सावकाराच्याच पंक्तीचा आहे. ‘सपाट दर’ हा दुसरा चकवा. समजा साठ हजारांचे कर्ज एक वर्षाच्या मुदतीने, शेकडा बारा सपाट दराने घेतले. व्याज सात हजार दोनशे, एकूण सदुसष्ट हजार दोनशे, हप्ता पाच हजार सहाशेचा. वरवर पाहता दर बाराच दिसतो. परंतु आपण दरमहा मुद्दल परत करीत असतो. सहाव्या महिन्यानंतर आपल्याकडे निम्मेच पैसे उरलेले असतात, व्याज मात्र पूर्ण साठ हजारांवरच आकारलेले असते. नीट हिशेब केला तर खरा दर साडेएकविसाच्या आसपास निघतो. यास्तव कर्ज घेताना ‘घटत्या बाकीवर दर किती?’ हा एकच प्रश्न विचारावा व उत्तर लेखी घ्यावे. ‘शून्य टक्के व्याज’ अशी पाटी दिसली तर अधिकच सावध व्हावे. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांस बजावले होते की, शून्य टक्के व्याज ही वस्तू अस्तित्वातच नाही. ते व्याज शुल्काच्या अथवा किमतीच्या पोटात दडलेले असते.

तेव्हा बचतीचे पहिले कलम असे: घरातील सर्व देणी एका कागदावर मांडावीत, प्रत्येकापुढे वार्षिक दर लिहावा, आणि ज्याचा दर सर्वांत चढा ते आधी फेडावे. पेटीत निजून असलेले सोने बँकेत तारण ठेवून छत्तीस टक्क्यांचे कर्ज बाराच्या आतबाहेरच्या दराने फेडता येत असेल, तर त्यात कमीपणा नाही. मात्र सोडवणुकीची तारीख त्याच दिवशी वहीत लिहावी. पीककर्ज मुदतीत फेडणारास व्याजात सवलत मिळते, ती एका दिवसाच्या हयगयीने गमावू नये. आणि ते ‘नवे-जुने’ करण्यासाठी चार दिवसांकरिता म्हणून भारी व्याजाने घेतलेले पैसे चार महिने रेंगाळत नाहीत ना, हेही पाहावे. विनापरवाना सावकारीस २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाने बंदी आहे व तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते, हे अडलेल्या शेजाऱ्यासही सांगून ठेवावे.

दुसरे कलम जमाखर्चाच्या वहीचे. पूर्वी एकत्र कुटुंबात पैसा एका हातात असे. त्या व्यवस्थेत जाच होता, हे आम्ही नाकारीत नाही; बायकांस चार आण्यांसाठी तोंड वेंगाडावे लागे. परंतु घरातून किती गेले हे निदान एका माणसास ठाऊक असे. आता चूल एक आणि खिसे सहा झाले आहेत. २०१६ साली मोबाईलवरून क्षणात पैसे देण्याची सोय आली. ती उत्तमच आहे, पण तिच्यामुळे नोट मोडताना मनास जी किंचित टोचणी लागे ती नाहीशी झाली. थोरला किराणा भरतो, धाकटा विजेचे बिल भरतो, सून भाजी आणते, नातू घरबसल्या काही मागवितो. प्रत्येकास वाटते की आपण थोडेच खर्चिले, आणि एकूण बेरीज कोणीच करीत नाही.

यावर उपाय सोपा आहे. दर रविवारी जेवणानंतर अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे, आपापल्या मोबाईलमधील आठवड्याची यादी वाचावी आणि एकाने ती वहीत मांडावी. रकाने चारच पुरेत: अन्न, घर, देणी, इतर. तीन महिन्यांत ‘इतर’ हा रकानाच सर्व काही शिकवितो. दोन पथ्ये मात्र पाळावीत. एक म्हणजे, वही सर्वांस, विशेषतः घरातील स्त्रियांस, केव्हाही पाहण्यास मोकळी असावी; ज्यांच्या हातून निम्मा खर्च होतो त्यांच्यापासून उत्पन्न लपवून ठेवावयाचे आणि काटकसरीची अपेक्षा करावयाची, हा अन्याय आहे. दुसरे असे की, वही ही उलटतपासणीची जागा नव्हे. प्रत्येकास दरमहा थोडी रक्कम अशी असावी की जिचा हिशेब त्यास कोणी विचारू नये. नाहीतर लोक खोटे लिहू लागतात आणि वही मरते.

आता स्वयंपाकघराकडे वळू. येथे बचत आहे, परंतु ती ताटात नसून कोठारात व चुलीवर आहे. रब्बीची ज्वारी फाल्गुनाच्या सुमारास आणि गहू त्यामागून घरात येतो. त्या वेळी वर्षाची बेगमी करून ठेवणे ही आपल्या वाडवडिलांची रीत आजही फायद्याची आहे. धान्य कडक उन्हात वाळवावे, पूर्ण निवू द्यावे आणि मगच कोरड्या पत्र्याच्या कोठीत भरावे. ऊन धान्य भरले तर त्यास वाफ धरते व कीड लागते. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, तुरीच्या डाळीस एरंडेल चोळावे. मात्र दुकानात मिळणाऱ्या विषारी धुरीच्या गोळ्या राहत्या घरात मुळीच आणू नयेत. त्यांतून निघणाऱ्या वायूने बंद खोलीत निजलेली माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. पोतेभर धान्याहून जीव मोलाचा आहे.

चुलीचे शास्त्र थोडके आहे. पाणी एकदा उकळू लागले की कितीही मोठी आच केली तरी त्याची उष्णता शंभर अंशांवर चढत नाही. जास्तीचा गॅस केवळ वाफ करण्यात जातो, पदार्थ लवकर शिजत नाही. म्हणून उकळी येताच आच लहान करावी व झाकण ठेवावे. प्रेशर कुकरात दाबामुळे उष्णता सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत जाते, म्हणून तेथे काम लवकर होते. पण पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीकच हवी. हरभरे, वाटाणे, राजमा रात्रभर भिजत घालावे, डाळ-तांदूळ एकाच कुकरात लावावे. ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली की बर्नर साफ करावा. घर मोठे असेल तर भावांनी व सुनांनी वेगवेगळ्या वेळी चार वेळा चहा टाकण्याऐवजी दोन वेळ ठरवाव्यात. त्यात गॅसही वाचतो आणि चार शब्द बोलणेही होते.

विजेच्या बाबतीत एक मर्म पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. महावितरणचे घरगुती दर पायरीपायरीने चढतात: पहिल्या १०० युनिटांस एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून चढा, मग ५०० पर्यंत आणखी चढा. म्हणजे आपण जे युनिट वाचवितो ते नेहमी सर्वांत महागड्या पायरीवरचे असते. बिलाचा सरासरी दर पाहून मिळणाऱ्या आकड्यापेक्षा खरी बचत अधिक होते. जुना ६० वॅटचा दिवा रोज सहा तास जळला तर महिन्यास १०.८ युनिट घेतो. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे १.६ युनिट घेतो. जुना ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास फिरला तर २७ युनिट; नव्या तऱ्हेचा ३० वॅटचा पंखा सुमारे ११. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेले. घरात माणसे पुष्कळ आणि छप्पर आपले स्वतःचे असेल, तर २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेची चौकशी अवश्य करावी. तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत केंद्र सरकारचे अनुदान ठरविले गेले.

लग्नमुंजींविषयी उपदेश करणे सोपे व पाळणे कठीण, म्हणून आम्ही येथे सोन्यापुरतेच बोलतो. दागिना म्हणजे बचत, अशी आपली समजूत. ती अर्धीच खरी आहे. समजा घडणावळ शेकडा बारा पडली व तीन टक्के कर लागला. दागिना मोडावयाच्या दिवशी हे पंधरा परत येत नाहीत. अंगावर घालावयाचा दागिना हौसेने करावा, हौस हाही संसाराचा भाग आहे. पण संचय म्हणून सोने घ्यावयाचे तर नक्षी जितकी कमी तितके बरे. आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची ओळखखूण आवश्यक झाली आहे. ती पाहिल्यावाचून व पक्की पावती घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.

आता कोठे वाचवू नये ते स्पष्टच सांगतो. मुलांचे दूध, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचे अन्न, आणि शेवटी जेवणाऱ्या माणसाचा वाटा, यांस हात लावू नये. अशक्तपणा व पुढचे दुखणे यांचा खर्च त्या बचतीच्या अनेक पटींनी होतो. म्हाताऱ्यांची रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी कधीही चुकवू नये. महाग वाटत असेल तर वैद्यास विचारून त्याच द्रव्याची साधी गोळी घ्यावी. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांत अशा गोळ्या पुष्कळ स्वस्त मिळतात. मुलीच्या शिक्षणाचा खर्च आधी कापावयाचा आणि मुलाचा मागून, ही रीत तर सर्वस्वी टाकून द्यावी. आणि धुणे-भांडी करणाऱ्या बाईचा पगार कापून जो पैसा उरतो, त्यास आम्ही बचत म्हणत नाही. तो केवळ आपल्या खर्चाचा भार दुसऱ्या गरीब घरावर टाकणे होय.

उरलेला पैसा ठेवावा कोठे? दोन टक्के अधिक व्याजाच्या लोभाने जन्माची पुंजी गमावलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. बँकेतील ठेवीस, मग ती बँक सहकारी का असेना, विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह पाच लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण नाही. पतसंस्था सगळ्या वाईट असे आम्ही म्हणत नाही. परंतु सर्व ठेव एकाच ठिकाणी व ओळखीच्या भरवशावर ठेवू नये. टपाल कचेरीची पाच वर्षांची आवर्ती ठेव मध्यम घरास फार सोयीची आहे. रोजचे पन्नास रुपये बाजूस पडले तर महिन्याचे दीड हजार, पाच वर्षांत व्याज सोडून नव्वद हजार होतात. मुलीसाठी २०१५ पासूनची सुकन्या समृद्धी योजना आणि साठीच्या पुढील माणसांसाठी २००४ पासूनची ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांचीही माहिती टपाल कचेरीत मिळते. ऊस पिकविणाऱ्या घरांनी तर बिल जमा होताच आधी पुढील सहा महिन्यांचा घरखर्च निराळ्या खात्यात टाकावा, आणि त्यातून स्वतःस दरमहा पगार दिल्याप्रमाणे ठरावीक रक्कमच काढावी. एवढ्या एका सवयीने दुकानाची उधारी आपोआप सुटते, आणि रोखीने घेणारास भावही बरा मिळतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी आपल्या वहीची पूजा करतो. वर्षभर तिच्यात खरे लिहिले म्हणून ती पूजेस पात्र होते. आपल्या घरांत त्या दिवशी नाणी व दागिने मांडले जातात. वही नसते, कारण ती लिहिलेलीच नसते. येत्या पाडव्यास पन्नास रुपयांची एक वही आणावी, पहिल्या पानावर घरातील सर्व देणी त्यांच्या दरांसह लिहावीत आणि ते पान थोरामोठ्यांपासून सुनांमुलांपर्यंत सर्वांनी वाचावे. पुढचे काम ती वहीच सांगत जाईल.